मांडीतली कांडी

माझी आई अमरावतीहून आमच्याकडे आयर्लंडमधल्या कॉर्कला आली तेव्हा तीन महिने राहायचं आणि आंब्यांच्या दिवसांत परत जायचं, असं ठरलं होतं. ती आली आणि तिच्या मागोमाग सगळं जग बंद झालं. विमानं थांबली, व्हिसाला आपोआप मुदतवाढ मिळत गेली आणि आईचा मुक्काम दीड वर्षावर गेला. बायको औषधांच्या कारखान्यात, क्वालिटीच्या विभागात. तो कारखाना काही बंद पडणार नव्हता. मी सॉफ्टवेअर टेस्टर, त्यामुळे माझं ऑफिस जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला आलं. दुसऱ्या टोकाला आई लसूण सोलत बसायची. मी मीटिंगमध्ये बोलायला तोंड उघडलं की तिला हमखास काहीतरी विचारायचं असे. आमची पाच वर्षांची लेक शाळा बंद म्हणून दिवसभर या टेबलाभोवती फिरत असे.

त्या दिवसांत रोज सकाळी टीव्हीवर लहान मुलांसाठी कवायत लागायची. एक उत्साही तरुण उड्या मारून दाखवायचा आणि घरोघरची पोरं त्याच्याबरोबर उड्या मारायची. एके दिवशी आईने लसूण बाजूला ठेवला.

"तू एकटीच काऊन उडून राह्यली वं? थांब, मी बी येतो."

आमच्याकडे विदर्भात बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात. माझी बायको पुण्याची. लग्नानंतर कितीतरी दिवस सासूच्या तोंडून 'मी आंघोळीला जातो' ऐकलं की ती दचकून मागे वळून बघायची.

आईने पदर खोचला. टीव्हीवरचा तरुण म्हणाला, आता बेडकासारखी उडी. दोघींनी मारली. अडुसष्ट वर्षांची माझी आई साडीसकट अलगद जमिनीवर उतरली. लेक उतरली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं.

त्याआधी दोनदा तिचा हात मोडला होता. एकदा घसरगुंडीवर, एकदा सोफ्यावरून. मुलं पडतात, असं म्हणून आम्ही ते सोडून दिलं होतं. पण मांडीचं हाड म्हणजे शरीरातलं सगळ्यात दणकट हाड. ते एका बेडूकउडीत मोडलं हे इस्पितळातल्या तरुण डॉक्टरला पटेना.

"ती किती उंचीवरून पडली?" त्याने विचारलं.

"चटईवरून."

"चटई कशावर होती?"

"जमिनीवर."

"त्या वेळी जवळ आणखी कोणी होतं?"

"माझी आई. तीही उडी मारत होती."

तो लिहिता लिहिता थांबला. "तुमच्या आईला कुठे लागलं का?"

"नाही," मी म्हणालो, "ती ग्रँड आहे."

इथे ग्रँड म्हणजे भव्य नव्हे. बरं आहे, चाललंय, काळजी नको, या सगळ्याला मिळून तो एक शब्द. पण त्या घडीला तो फार काही उपयोगी पडला नाही. प्रश्नांचा रोख मला कळत होता. घरात या पोरीला कोणी मारतं का, हे बघणं त्यांचं कामच होतं. 

मग एक वयस्क डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पायाकडे न बघता आधी लेकीच्या डोळ्यांत बघितलं. तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग पहिल्यापासून निळसर होता. आम्हाला तो सुंदर वाटायचा. आईचं तर म्हणणं असं, की पोरगी इकडे जन्मली म्हणून डोळे इकडचे व्हायला लागलेत. आधी पांढरं निळं होईल, मग बुबुळं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे असं जन्मापासून?" मी हो म्हणालो. त्यांनी तरुण डॉक्टरला हातातलं पेन खाली ठेवायला लावलं. त्यानंतर आम्हाला कोणी चटईबद्दल विचारलं नाही.

आजार ठिसूळ हाडांचा निघाला; डोळ्यांतला तो निळसरपणा त्याचीच खूण होती. हाडाला चिवटपणा देणारं जे प्रथिन असतं, ते तिच्या शरीरात जसं बनायला हवं तसं बनत नव्हतं. जन्मतःच असतो, मुळापासून बरा होत नाही, पण उपचार आहेत, असं त्यांनी सांगितलं. 'पण'च्या पुढचं बायकोला ऐकू आलं आणि 'पण'च्या अलीकडचं मला.

आईला यातलं एकच वाक्य महत्त्वाचं वाटलं: हा आजार कधी कधी घराण्यातून येतो. त्या आठवड्यात अमरावती आणि पुणे यांच्यात जे सुरू झालं ते माझ्या लग्नातसुद्धा झालं नव्हतं. पुण्याहून सासूबाईंनी फोनवर सहज विचारलं, "तुमच्या यजमानांचा पाय मोडला होता ना हो एकदा?" आई म्हणाली, "ते बैलगाडीखाली आले होते बाई. बैलगाडीखाली आल्यावर तुमच्याकडे कोणाचं हाड मोडत नाही का?" मग तिने सासूबाईंच्या थोरल्या नणंदेचं मनगट काढलं. सासूबाईंनी माझ्या काकांचं खुब्याचं हाड काढलं. दोन्हीकडच्या मेलेल्या-जिवंत सगळ्यांच्या हाडांची मोजदाद झाली. पुढे आम्हा दोघांच्या रक्ताच्या तपासण्या आल्या आणि त्यांत निघालं की हा बदल लेकीतच पहिल्यांदा झालेला आहे, दोन्ही घराण्यांचा काही संबंध नाही. दोन्ही बाजू निर्दोष सुटल्या. तरी बराच काळ फोनवर विहिणी एकमेकींना जपून, जेवणाखाण्यापुरतं विचारत होत्या.

पहिला उपचार सलाइनमधून द्यायच्या औषधाचा. हाड झिजायचा वेग ते कमी करतं, म्हणून हाड जरा भरीव होतं. दर काही महिन्यांनी एकदा घ्यायचं. साथीमुळे मुलाबरोबर एकाच पालकाला आत सोडत. बायकोला पाळी बदलून मिळेना, म्हणून मी गेलो. सुई बघितली की मला गरगरतं, हे माझ्या घरातल्या तिन्ही बायकांना ठाऊक होतं. पण त्या दिवशी दुसरा उमेदवार नव्हता.

नर्सने लेकीच्या हाताला बधिर करणारं मलम लावलं. इथे मुलांना सांगताना त्याला जादूचं मलम म्हणतात. मग तिने शीर शोधायला घेतली. मी खिडकीबाहेरच्या सीगल पक्ष्याकडे बघत लेकीला म्हणालो, "घाबरू नकोस हं बाळा." पुढचं मला नीट आठवत नाही. मी डोळे उघडले तेव्हा खुर्चीत होतो, माझं डोकं गुडघ्यांत होतं आणि कोणीतरी माझ्या पाठीवर थोपटत होतं. लेकीच्या हातात सुई केव्हाच बसली होती.

लेकीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र ती कॉर्कच्या हेलातल्या इंग्रजीत देते, इथल्यासारखं शेवटी उगाच एक 'लाइक' जोडून. ती नर्सला समजावून सांगत होती, "ही'ज ग्रँड. ही जस्ट डझंट लाइक नीडल्स, लाइक."

नर्सने मला चहा आणि लोणी लावलेला टोस्ट आणून दिला. इथल्या इस्पितळांत चहा-टोस्ट हा उपचारच असतो. तो टोस्ट खरं तर पेशंटसाठी होता, हे मला शेवटच्या घासाला समजलं.

औषधानंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो, अंग दुखू शकतं, पहिल्या वेळी हे होतंच, असं सांगून त्यांनी आम्हाला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी ताप आला. आम्ही तयारीत होतो. पण शेजारच्या आजी तयारीत नव्हत्या. या आजी एकट्या राहायच्या. माझी आई आणि त्या रोज दुपारी आवारातल्या भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या राहून तासभर बोलायच्या, एक वऱ्हाडीत आणि एक इंग्रजीत, आणि दोघींचं कधी काही अडलं नाही. त्या दिवशी त्यांनी पोरीचं कसं काय म्हणून विचारलं. आईने आपल्या सगळ्या इंग्रजीनिशी उत्तर दिलं, "फीवर. बिग फीवर."

ते साल दोन हजार वीस होतं. आजी मागे मागे जात आपल्या दारातून आत गेल्या. संध्याकाळपर्यंत आमच्या घरापुढून जाणारे लोक पलीकडच्या फुटपाथवरून जायला लागले. पोस्टमनने पार्सल फाटकावरून आत टाकलं, अगदी नेम धरून. आमच्या डॉक्टरांनीही फोनवर सांगितलं, की हा औषधाचाच ताप असणार, तरी खात्री म्हणून साथीची तपासणी करून घ्या. तिचा निकाल यायच्या आधीच सकाळी खरखर आवाज आला म्हणून मी मागे गेलो. शेजारच्या आजी हर्लिंगच्या काठीने, म्हणजे इथल्या त्या हॉकीसारख्या खेळाच्या लाकडी काठीने, भिंतीवरून एक ताटली आमच्या बाजूला सरकवत होत्या. ताटलीत ताजा सोडा ब्रेड होता. घाबरल्या होत्या, पण ब्रेड भाजल्याशिवाय राहवलं नव्हतं.

आईला रिकामी ताटली परत करणं शक्य नव्हतं. तिने तीत पोहे भरले, वर कोथिंबीर घातली आणि झाडूच्या दांड्याने ताटली पलीकडे सरकवली. निकाल निगेटिव्ह आला, ताप उतरला. तरी पुढे कित्येक दिवस त्या दोघींना काठ्यांनीच देवाणघेवाण करायला मजा येत होती.

औषधाने फरक पडला. लेकीच्या अंगदुखीच्या तक्रारी कमी झाल्या, ती जिना स्वतः चढायला लागली. पण मोडलेली मांडी जुळताना धनुष्यासारखी वाकली होती. वाकलेलं हाड पुन्हा तिथेच मोडणार, म्हणून दोन हजार एकवीस उजाडल्यावर डब्लिनच्या एका सर्जनबाईंशी गाठ घालून देण्यात आली. भेट व्हिडिओवर होती. मी लॅपटॉप उघडला, बायको शेजारी बसली, लेक मांडीवर, आणि कॅमेरा सुरू झाला त्या क्षणी आई खुर्ची घेऊन सगळ्यांच्या मधोमध आली. सर्जनबाईंना पडद्यावर मुख्यतः आईच दिसत असणार, कारण त्या शेवटपर्यंत तिच्याशीच बोलल्या.

त्यांनी कागदावर चित्र काढलं. वाकलेलं हाड दोन-तीन ठिकाणी कापायचं, तुकडे सरळ रेषेत आणायचे आणि मणी ओवावे तसे एका धातूच्या सळईवर ओवायचे. सळई म्हणजे एकात एक बसणारे दोन भाग. एकाचं टोक हाडाच्या वरच्या बाजूला पक्कं, दुसऱ्याचं खालच्या. मूल वाढेल, हाड वाढेल, तशी सळईही आतल्या आत लांब होत जाईल. पुढे कधीतरी ती अपुरी पडली की बदलायची.

बायको हळू आवाजात आईला मराठीत सांगत होती. आई एकदम सरळ बसली.

"म्हंजे रेडिओची कांडी! ओढली का लांब होते, तशी. बरोबर ना?"

मी भाषांतर केलं. सर्जनबाई हसल्या आणि म्हणाल्या, "अगदी बरोबर. इतकी वर्षं मी हे आईबापांना समजावतेय, पण इतकं सोपं मला सुचलं नाही. त्या सळईला काय म्हणाल्या?"

"कांडी," आईने परस्पर सांगितलं. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला.

"अजून काही शंका?"

आईची होतीच. "इचारा त्यायले, गंजन तं नाही ना? इथं तं रोजच पाणी पडून राह्यलं."

बायकोने माझ्या पायावर पाय दिला. पण सर्जनबाईंनी मान हलवून विचारलं, काय म्हणतायत? मला सांगावंच लागलं. त्यांनी गंभीर चेहऱ्याने ऐकून घेतलं.

"त्यांना सांगा," त्या म्हणाल्या, "कॉर्कमधलं सगळं गंजतं. ही सळई डब्लिनची आहे."

त्यावर कॉर्कमध्ये जन्मलेली आमची लेक भडकली, आणि भेटीचा शेवट डब्लिन मोठं की कॉर्क चांगलं या वादात झाला.

शस्त्रक्रियेलाही एकच पालक. या वेळी बायकोने रजा आधीच मिळवून ठेवली होती, म्हणून तीच जाणार हे उघड होतं. पण फोनवरच्या नर्सने सांगितलं, मुलीला विचारा, तिला कोण हवं. लेकीने क्षणभरही विचार केला नाही. "डॅड. मॅम विल मेक मी डू सम्स." आई गणितं करायला लावेल! बायको उठून स्वयंपाकघरात गेली आणि प्रेस, म्हणजे इथल्या भाषेत कपाट, उघडून उगाचच डबे लावत बसली. घरी राहणं तिला शक्य नव्हतंच. ती म्हणाली, मी गाडीत बसून राहीन. आई म्हणाली, "मंग मी का घरी बसून भिंती पाहू?" तेव्हा आम्ही सगळेच डब्लिनला गेलो.

सकाळी सर्जनबाईंनी लेकीच्या उजव्या मांडीवर पेनने बाण काढला. चुकीच्या पायावर काम होऊ नये म्हणून तो काढतात. लेकीने आपली कापडी मेंढी पुढे केली आणि तिलाही बाण हवा म्हणाली. मेंढीला चार पाय, तेव्हा कुठल्या पायावर यावर थोडी चर्चा झाली. मग भूल देण्याच्या खोलीपर्यंत मी सोबत गेलो. त्या मंडळींनी तिला टेबलावर ठेवताना जे जपलं, ते मी विसरणार नाही. चार मोठी माणसं एका चादरीच्या चार कोपऱ्यांना धरून, श्वास रोखून, जणू तिच्यात पाणी भरलेलं आहे आणि सांडता कामा नये. स्ट्रॉबेरीच्या वासाचा मास्क तिच्या तोंडावर आला. ती काहीतरी सांगत होती ते अर्ध्यातच थांबलं.

बाहेर आल्यावर नर्स म्हणाली, "जा, मोकळ्या हवेत बसा. झालं की फोन करू." मी पार्किंगमध्ये गेलो. गाडीच्या काचा आतून पार धुरकटल्या होत्या. पुढे बायको बसली होती, मागे आई, मांडीवर तिखट पुऱ्यांचा डबा. तिने रामरक्षा सुरू केली होती, पण मधलाच एक श्लोक तिला आठवेना, म्हणून ती पुन्हा पुन्हा पहिल्यापासून म्हणत होती. मी आत बसलो.  

बऱ्याच वेळाने काचेवर टकटक झाली. पार्किंगवाला माणूस होता, पिवळं जाकीट घातलेला, धिप्पाड. इतका वेळ बंद गाडीत तिघं काय करतायत, असं त्याला वाटलं असावं. मी काच खाली केली आणि मुलगी ऑपरेशनमध्ये आहे, एवढंच सांगितलं. तो म्हणाला, मग कितीही वेळ थांबा, इथे तुम्हाला कोणी हटवणार नाही. तेवढ्यात मागून आईचा हात आला. हातात पुरी.

"घे बाबा. लेकरू आत हाय आमचं."

तो नाही म्हणू शकला नसता. त्याने मास्क खाली केला, अख्खी पुरी तोंडात घातली, चावली आणि एकदम थबकला. त्याचे डोळे लाल झाले, भरून आले, गालांवरून पाणी ओघळलं. "लव्हली," तो कसाबसा म्हणाला, "गॉड ब्लेस यू." बायकोला वाटलं, हा परका माणूस आपल्या पोरीसाठी रडतोय. सकाळपासून आवरून धरलेलं तिचं रडू फुटलं. तिला बघून आई रडायला लागली. पुरीत ठेचा आहे हे मला माहीत होतं, तरी मीही रडलो. चौघंही रडतोय, एक जण गाडीबाहेर, तीन आत, आणि त्यातला एकच मिरचीने.

त्यातच फोन वाजला. सर्जनबाई स्वतः बोलत होत्या. "छान झालं. हाड सरळ आहे. तुमच्या आईंना सांगा, द कँडी इज इन."

मला अर्थ लागेना. ऑपरेशनच्या टेबलावर पोरीला कँडी का दिली? माझा चेहरा बघून बायकोने माझ्या हातातला फोन खेचला. मग मला उमगलं. मी मागे वळून आईला सांगितलं, "आई, कांडी बसली." आईने डोळे पुसले, हात जोडले आणि विचारलं, "सरळ बसली ना?"

पुढचे आठवडे प्लास्टरचे होते आणि ते मजेचे नव्हते. पाय खाजायचा, ती चिडायची, टीव्हीच्या रिमोटवर तिचं एकटीचं राज्य होतं. मग प्लास्टर निघालं, फिजिओथेरपी सुरू झाली. वॉकर धरून तिने दिवाणखान्यातून स्वयंपाकघरापर्यंत पहिली फेरी मारली तेव्हा आई तिच्या पुढे उलटं चालत होती, दोन्ही हात पसरून, आणि वाटेत स्वतःच खुर्चीला अडखळली. सप्टेंबरात शाळा उघडली तेव्हा लेक वॉकर सोडून चालत होती. त्याच महिन्यात विमानं मिळायला लागली आणि आई अमरावतीला परतली.

नोव्हेंबरात शाळेच्या फाटकाशी, ओल्या पानांवरून लेक घसरली आणि थेट त्याच मांडीवर पडली. मी तिथेच होतो.  तिला उचलायचं कसं, हे आता मला चांगलं शिकवलेलं होतं. तसं उचललं आणि आम्ही कॉर्कचं तेच इस्पितळ गाठलं.

एक्स-रे बघणारा डॉक्टर नवीन होता. मांडीत सळई दिसत होती, ते त्याला कळलं. पण गुडघ्याजवळच्या हाडात एकीखाली एक बारीक पांढऱ्या रेघा होत्या, झेब्र्यासारख्या, आणि त्यांच्यावर त्याची नजर अडकली.

लेक खाटेवरूनच म्हणाली, त्या माझ्या आहेत. प्रत्येक सलाइनच्या वेळी हाडात एक रेघ उमटते. तिने बोट दाखवून सांगितलं, ही पहिली, डॅड पडला तेव्हाची.

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"बाकी," तो म्हणाला, "इथे काहीही मोडलेलं नाही."

मी बायकोला फोन केला. ती म्हणाली, "नीट बघायला सांग. दुसऱ्या बाजूने फोटो काढायला सांग. वरच्या डॉक्टरला दाखवायला सांग." क्वालिटीच्या माणसाला एका तपासणीवर भरवसा नसतो. डॉक्टरने दुसऱ्या बाजूनेही फोटो काढला, वरच्या डॉक्टरलाही दाखवला. काहीही मोडलेलं नव्हतं.

मग अमरावतीला फोन लावला. "आई, पोरगी पडली. पण काही मोडलं नाही."  आई म्हणाली, "ठेव आता," आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी माझ्या चुलतभावाने कळवलं, काकूने काल सगळ्या गल्लीत पेढे वाटले. लोकांनी आनंदाने हात पुढे केले आणि विचारलं, काय झालं मावशी? नातू झाला का?

आई प्रत्येक दारात, प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवत म्हणत होती, "पोट्टी पडली न बाप्पा माही! चांगली धाडकन पडली!"